एकाचे एकवीस

आमच्या लेकीच्या पोटात गाठ आहे हे आधी सगळ्या वाडीला कळलं, मग मला. मी बर्फाच्या कारखान्यात होतो. जेट्टीवर जाणाऱ्या लाद्या टेम्पोत चढवायचं माझं काम. फोन खिशात वाजत राहतो आणि ओले हात सुकेपर्यंत बंद होतो. बायकोला लेकीला आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली काहीतरी कडक लागलं. तिने शेजारणीला बोलावलं. शेजारणीने हात लावून बघितला आणि जावेला बोलावलं. संध्याकाळी मी घरी पोचलो तोवर सात बायकांनी माझ्या अडीच वर्षांच्या पोरीचं पोट दाबून बघितलं होतं, आणि निदानंही सात झाली होती. जंत. दिष्ट. गिळलेलं काजूचं बी. एकीने तर माझ्या तोंडावर सांगितलं, "तुमी घाटी लोका पोराक भाकऱ्येच घालतास, तेचो गोळो झालोहा."

घाटी म्हणजे मी. बीडकडचा. आठवीत शाळा सोडली, बोअर मारायच्या गाडीवर लागलो, ती गाडी एका उन्हाळ्यात घाट उतरून मालवणला आली. पुढे गाडी परत गेली, मी राहिलो. पहिल्यांदा कोणी घाटी म्हटलं की राग यायचा. आता कोणी मला नावाने हाक मारली तर वाटतं, काही चुकलं की काय आपलं.

आम्ही भाड्याने राहतो ते घर टीचरचं. टीचर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या ख्रिश्चन बाई, सत्तरीच्या पुढच्या. मुलं गोव्याला, त्या इथे एकट्या. एरवी मालवणी बोलतात, पण शिकवायला लागल्या की एकदम शुद्ध मराठी सुरू होतं, तेव्हा समोरच्याने सरळ बसायचं असतं. त्या आल्या, लेकीला मांडीवर घेतलं, पोटाला बोटसुद्धा लावलं नाही. डोळे बघितले, कपाळ बघितलं.

"आता कोणी दाबूचा नाय," त्या बायकांना म्हणाल्या. "कणीक आसा काय ती?" मग माझ्याकडे वळून, "उद्या सकाळी कुडाळाक जा आणि सोनोग्राफी करून घे. उद्या म्हणजे उद्या."

कुडाळच्या डॉक्टरने पडद्याकडे बघितलं आणि माझ्याशी फार प्रेमाने बोलायला लागला. सरकारी माणूस असो नाहीतर डॉक्टर, तो आपल्याशी प्रेमाने बोलायला लागला की समजावं, काम मोठं आहे. चौथ्या दिवशी आम्ही मुंबईत, एका मोठ्या हॉस्पिटलात.

तिथली डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. तिने कागदावर मूत्रपिंड काढलं, त्याच्या डोक्यावर टोपी काढली. ही टोपी म्हणजे एक ग्रंथी, गाठ तिथून निघाली आहे. नाव न्यूरोब्लास्टोमा. मज्जातंतूंच्या कच्च्या पेशींचा कॅन्सर, लहान मुलांनाच होणारा. मी मान हलवत राहिलो. मला समजत नाही तेव्हा मी जास्त मान हलवतो.

गाठीचा एक तुकडा काढून बाटलीत घातला. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर लेकीचं नाव आणि तारीख. ती बाटली दुसऱ्या मजल्यावरून सहाव्या मजल्यावर मलाच न्यायला सांगितली. लिफ्टपुढे रांग होती म्हणून जिना चढलो. मण-मणाच्या लाद्या उचलणारा माणूस मी, पण एवढीशी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून, पायरी पायरीला तारीख वाचत वर गेलो. त्या मंगळवारची तारीख माझ्या अजून डोक्यात आहे.

"यात एक जीन तपासायचा आहे," डॉक्टर म्हणाली. "एमवायसीएन. तो वाढलेला आहे का नाही, त्यावर पुढचे उपचार ठरतील."

"वाढलेला असला तर?"

"तर गाठ जास्त आक्रमक. मग आपणही आक्रमक व्हायचं."

त्या तपासणीचं नाव फिश. मालवणात या नावावर जे विनोद होण्यासारखे होते ते सगळे झाले, ते मी लिहीत बसत नाही. औषधाचा पहिला डोस देऊन आम्हाला घरी पाठवलं. पुढच्या डोसला यायचं, रिपोर्टचं फोनवर कळवू म्हणाले.

घरी आलो तर मायचा फोन. माय बीडलाच असते. "लेकराचं जावळ ऱ्हायलं देवापाशी काढायचं, म्हणून झालं हे. मी किती वेळा म्हणले तुला." जावळ राहिलं होतं खरं. सुट्टी मिळत नव्हती. मी फोन ठेवला आणि आपण काय काय चुकलो ते आठवत बसलो. जावळ राहिलं. कारखान्यातल्या वासाचे कपडे घालून लेकराला उचललं. सातव्या महिन्यात बायकोला एसटीने लांब नेलं. शाळा सोडली. शाळा सोडल्याचा गाठीशी काय संबंध ते मला माहीत नव्हतं, पण माझ्या आयुष्यात जे बिघडतं ते तिथूनच बिघडतं अशी मला सवय.

टीचर व्हरांड्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "टीचर, हा जीन म्हणजे काय? माझ्याकडून आला का?"

त्यांनी सुंगटाचं डोकं मोडलं. शुद्ध मराठी सुरू झालं. मी पायरीवर सरळ बसलो.

"तुझ्या प्रत्येक पेशीत हा जीन आहे. दोन प्रती. एक आईकडून, एक वडिलांकडून. माझ्यातही आहे, ह्या सुंगटातही त्याचं कोणीतरी भावंड असेल. तो मुळात वाईट नाही. बाळ पोटात असताना मज्जातंतूंच्या पेशी भराभर वाढायला हव्यात, तेव्हा हाच त्यांना सांगतो, चला, वाढा. मग त्याने आवाज कमी करायचा असतो. म्हणजे पेशी वाढायच्या थांबतात, शहाण्या होतात, आपापल्या कामाला लागतात. आता समोर बघ."

समोरच्या घरात गावकार राहतो. जन्मभर एसटीत कंडक्टर होता. आता निवृत्त झाला, पण आवाज अजून स्टँडवरचाच आहे. देवळात सगळ्यांच्या वतीने देवापुढे बोलायचा मानही त्याच्याच घराण्याचा. तो अंगणात दात कोरत होता.

"तो कंडक्टर. त्याने बेल मारली की गाडी निघते. एका गाडीत एक कंडक्टर, फार तर दोन. आता समज, त्याच गाडीत शंभर कंडक्टर चढले आणि शंभरही जण दोरी ओढत सुटले. ड्रायव्हर काय करील? स्टॉप बघणार नाही, माणूस बघणार नाही, आंबोलीचं वळण बघणार नाही. जीन वाढला म्हणजे तो जाडा झाला असं नव्हे. त्याच्या प्रती वाढल्या. दोनाच्या पन्नास, शंभर."

समोरून आवाज आला, "काय गो टीचर, माझ्या नावान काय चल्लाहा?"

"तुझ्यासारखे शंभर झाले तर काय होतला तां सांगतंय!"

"शंभर? मालवण सुधारतला!"

टीचरनी त्याच्या दिशेने सुंगटाचं साल भिरकावलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ह्या गाठीतल्या पेशी म्हणजे कोण? मोठ्या होऊन काहीतरी व्हायच्या होत्या त्या. शाळा अर्ध्यात सोडली आणि नुसती पोरं काढत बसल्या."

मी पायरीवर पडलेली सुंगटाची सालं गोळा करायला लागलो.

"तुका नाय बोललंय," टीचर म्हणाल्या. जरा थांबून, "आणि बोललंय असा समाजलंस तरी चलात."

"म्हणजे माझ्याकडूनच आलं?"

"नाही. हे सहसा वारशाने येत नाही. तुझ्या शाळेमुळे नाही, जावळामुळे नाही, भाकरीमुळे तर नाहीच नाही. पेशी स्वतःची नक्कल करते. त्या नकलेत चूक झाली."

"कोणाची?"

"कोणाचीच नाही."

हे ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला वाटलं नाही. कोणाची तरी असती तर जाऊन पाय धरता आले असते.

दुसऱ्या दिवशी गावकार आमच्या दारात. त्याने सगळं ऐकलं होतं. वाडीत भिंती चिऱ्याच्या आहेत, पण कानांना अडवत नाहीत. "रविवारी सकाळी देवळात ये चेडवाक घेवन," तो म्हणाला. "रिपोट येवच्या आधी गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने एकाने उभं राहून बोलायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणायचं. माझं इथे ना घर ना देव. घाट्याच्या पोरीसाठी कोणी देवाला मध्ये घालील असं मला वाटलं नव्हतं. मी मान हलवली, या वेळी समजून.

रविवारी देवळात तीसेक माणसं जमली. मासेमारीवरून आलेले दोघं तर तसेच ओल्या चड्डीत उभे. टीचर बाहेर गडग्याच्या दगडी भिंतीजवळ छत्री घेऊन उभ्या होत्या. आत येत नव्हत्या आणि घरीही जात नव्हत्या. लेक माझ्या कडेवर, नारळाकडे बघत.

"बा देवा म्हाराजा!" गावकाराने आवाज लावला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

"होय म्हाराजा!"

"आज ह्या घाटावरचा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्या पोटात गाठ आसा, ती तुका म्हायती आसा, डाक्टराक म्हायती आसा, आणि टीचराक तर सगळाच म्हायती आसा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

टीचर बाहेरून काहीतरी म्हणाल्या, ते देवळात पोचलं नाही.

"मुंबैसून रिपोट येवचो आसा, तो बरो येवं दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गावकाराची गाडी आता घाटउताराला लागली होती. लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो, नवं दुकान असो, गाऱ्हाण्याचा शेवट वर्षानुवर्षं एकच, आणि तो त्याच्या जिभेवर आपोआप येतो. "वाकडानाकडा आसात तां सरळ कर, इडापीडा भायर घाल, आणि एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

तीस माणसं ओरडली. त्यात सगळ्यांत मोठ्याने मी. आवाज आधी गेला आणि डोकं मागून आलं. कंडक्टर वाढू नयेत म्हणून देवळात आलेला मी, दोनाचे शंभर नकोत म्हणून आलेला मी, छातीच्या जोरावर मागून बसलो की एकाचे एकवीस कर. वळून बघितलं तर टीचरनी कपाळाला हात लावला होता.

बायकोला मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, फक्त घरी येताना म्हणाली, "शेवटचं ते कशाला म्हणले?" म्हणजे तिलाही कळलं होतं. रविवार ते बुधवार आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो. कारखान्यात लादी मोजताना मी एकवीस म्हणायचं टाळायला लागलो, वीसनंतर 'अजून एक' म्हणायचो.

बुधवारी राहवेना, गावकाराकडे गेलो. "काका, गाऱ्हाणं मागे घेता येतं का?"

"मागे? तिकीट फाडल्यार मागे घेतत काय रे?" तो हसला. मग माझं तोंड बघून हसू आटलं. ओठांतल्या ओठांत त्याने सगळं गाऱ्हाणं परत म्हटलं, शेवटापर्यंत. आणि ओसरीवर मटकन बसला. "अरे देवा," म्हणाला. एवढंच, बारीक आवाजात. त्याचा तसला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बांगडे तव्यावर होते, पण त्या दुपारी तो नुसती पेज जेवला, असं त्याच्या बायकोने वाडीला सांगितलं.

गुरुवारी फोन आला. मी हात पुसून घेतला, या वेळी पहिल्याच रिंगला. डॉक्टर म्हणाली, "एमवायसीएन वाढलेला आहे." पुढे पुष्कळ बोलली, घाबरू नका, उपाय आहेत, लवकर या. मी फोनवर मान हलवत राहिलो.

घरी आलो तेव्हा गावकार आमच्या पायऱ्यांच्या खाली उभा होता. वर येत नव्हता. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही. "माझ्या तोंडान झाला," म्हणाला. सत्तरीचा माणूस, टोपी हातात धरून. मला त्याला म्हणायचं होतं, नाही काका. पण ते तोंडातून निघेना. खरं सांगतो, मला तेव्हा तसंच वाटत होतं. कोणाची तरी चूक एकदाची सापडली होती, आणि त्यात माझाही आवाज होता.

टीचर मधल्या दारातून आल्या. हातात पोळपाट. "बाटली कधी नेलंस रे वर?" मला विचारलं.

"मंगळवारी."

"खंयच्या?"

"गाऱ्हाण्याच्या आधी बारा दिवस."

"चिठ्ठीवर तारीख होती?"

"होती. मी वाचत वाचतच गेलो."

"मग?" टीचर गावकाराकडे वळल्या. "गाठीचो तुकडो बाटलीत बारा दिवस आदी गेलो. त्येतूर जां काय होता तां तेवाच होता. तू रविवारी आरडलंस. तुझो देव काय मुंबैक जावन, मागल्या तारखेन बाटलीत हात घालता?"

गावकाराला हे आवडलं नाही. एवढ्या दुःखातही तो ताठ झाला. "देव कायव करू शकता, टीचर."

"करू शकता ना? मग तुका काय म्हणूचा होता, तांय तेका समाजला आसतला. तुझ्यापेक्षा शानो तर आसतलो."

गावकाराने टोपी डोक्यावर घातली आणि पायऱ्या चढून वर आला. लेकीने त्याच्या मिशा ओढल्या. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा मला एवढा उपयोग कधी झाला नव्हता. ती तारीख मी माझ्या डोळ्यांनी वाचली होती, सहाव्या मजल्यापर्यंत. आम्ही मागितलं म्हणून काही झालं नव्हतं.

पुढचं दीड वर्ष मुंबई आणि मालवण. औषधं, ऑपरेशन, तिच्याच पेशी काढून पुन्हा तिलाच देणं, किरणांचे शेक. सगळं सांगत नाही, सांगण्यासारखंही नाही. प्रत्येक वेळी गावकार कुडाळ स्टेशनपर्यंत यायचा, डब्यात चढायचा आणि अनोळखी माणसांना "आत सरका, आत सरका" करून आमची जागा करायचा. दोनदा गाडी सुटता सुटता उतरला. शेजारणी आमसुलाची सोलं द्यायच्या, कुळथाची पिठी द्यायच्या. भाकऱ्यांचा गोळा म्हणणारीने तर दुसऱ्या डोसच्या वेळी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या, आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "गप खा."

लेकीचे केस दुसऱ्याच डोसला गेले. मायला फोन केला, जावळ निघालं. ती रडली, मग म्हणाली, "केस कुठं टाकले?" नर्सने झाडून नेले म्हणालो. "गोळा करावं ना रे, देवाला लागतेत." थोडे मी गोळा केलेच होते, एक्सरेच्या पाकिटात. तिला सांगितलं नव्हतं कारण मला माझीच लाज वाटत होती. यंदा देवापाशी पोचवले. देवाने एक्सरेच्या पाकिटाबद्दल काही तक्रार केली नाही.

शेवटी कॅप्सूल सुरू झाल्या. उरल्यासुरल्या कच्च्या पेशींना वाढू न देता शहाणं करणारं औषध. लेकीचे ओठ फुटले, साल निघाली, बायको दिवसातून दहा वेळा खोबरेल लावायची. टीचरनी कॅप्सूलची पट्टी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "हा सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सोडलेल्यांना बाहेरून दहावीला बसवतात ना, तसंच हे." दुसऱ्या दिवशी खरोखरचा सतरा नंबरचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. "पेशी सुधारतत, तर तुका काय झाला?" फॉर्म कपाटात आहे. भरलेला नाही. टीचर रोज विचारतात, मी रोज मान हलवतो.

गेल्या जत्रेला गावकार पुन्हा गाऱ्हाण्याला उभा राहिला. देऊळ भरलेलं, मुंबईकर आलेले. लेक माझ्या खांद्यावर, डोक्यावर बोटभर कुरळे केस. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. शेवटाला आला, "एकाचे एकवीस कर" म्हणाला, आणि त्याची नजर लेकीवर पडली. गाडी थांबली. मी त्या माणसाला गाऱ्हाण्याच्या मध्यात गप्प झालेलं पहिल्यांदा बघितलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग त्याने श्वास घेतला.

"एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर, पोटातला सोडून म्हाराजा!"

अर्धे लोक होय म्हणाले, अर्धे चुकले. माझ्या शेजारचा एक जाळीवाला ओरडला, "ओ काका, पोटातला सोडून कसा? माझी बायल पोटुशी आसा!"

देवळात हशा पिकला. गावकार लालेलाल. पण त्याने हात वर केला आणि कंडक्टरच्या आवाजात दुरुस्ती केली, "पोटातल्या गाठीक सोडून म्हाराजा! बाळाक न्हय!"

"होय म्हाराजा!"

बाहेर गडग्याजवळून एक बाईमाणसाचा आवाज सगळ्यांच्या मागून अर्ध्या क्षणाने आला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनी कधीच कबूल केलं नसतं.

तेव्हापासून ते गाऱ्हाण्यात तसंच राहिलं. होडी लोटायची असो, दुकान असो, लग्न असो, शेवटी "गाठीक सोडून, बाळाक न्हय" येतंच. लग्नात पाहुण्यांना जरा विचित्र वाटतं. दर काही महिन्यांनी लेकीचा स्कॅन असतो. आतापर्यंतचे सगळे बरे आलेत, पुढचा येत्या महिन्यात आहे आणि माझी झोप आत्तापासून गेली आहे. काल एका नव्या होडीच्या गाऱ्हाण्याला लेकीला घेऊन गेलो. ती आता कुठेही होय म्हाराजा म्हणते, नारळ ठेवायच्याही आधी. मी मात्र एकवीसला तोंड मिटून उभा राहतो. गाठीक सोडून, बाळाक न्हय, एवढं नीट ऐकून घेतो, मगच ओरडतो.